व्हिनियर बसवल्यावर खाता-पिताना नेमकं काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न असा: वरच्या सहा दातांना पोर्सिलिनचे व्हिनियर बसवून तीन आठवडे झाले, तेव्हापासून सफरचंद, सुकामेवा, कॉफी सगळंच बंद केलंय आणि प्रत्येक घासाला भीती वाटते. आयुष्यभर असंच खायचं का?

नाही. आणि तुम्ही जे बंद केलंय त्यातलं बरंचसं परत सुरू करता येईल. माझ्या वरच्या चार दातांवर गेली नऊ वर्षं पोर्सिलिनचे व्हिनियर आहेत. त्याआधी त्यातल्याच दोन दातांवर पाच वर्षं कंपोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनचे होते. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही प्रकार वापरलेत, एकाचा टवकाही उडवून घेतलाय, आणि दर तपासणीला डॉक्टरांना 'हे का?' असं विचारत आले आहे. सुरुवातीचे दोन महिने मीही तुमच्यासारखीच घाबरून जेवत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. सुटा असताना तो इतका नाजूक असतो की बोटांच्या दाबानेही मोडू शकतो. पण चिकटवताना दाताचं इनॅमल (वरचं कठीण आवरण) आणि पोर्सिलिनची आतली बाजू दोन्ही आम्लाने अगदी सूक्ष्म प्रमाणात खरखरीत करतात आणि त्या खाचांमध्ये रेझिनचं सिमेंट शिरून पक्की पकड घेतं. मग तो पापुद्रा आणि दात मिळून एकच वस्तू होते. 1928 च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्यांनी नटांच्या दातांवर असे पापुद्रे लावायला सुरुवात केली, तेव्हा ते कवळीच्या चिकट पावडरीने तात्पुरते बसवलेले असत आणि शूटिंग संपलं की काढावे लागत. 1955 मध्ये मायकेल ब्युनोकोर या दंतसंशोधकांनी इनॅमलवर आम्लाचा प्रयोग दाखवला आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलिनवरही तशीच प्रक्रिया करता येऊ लागली. आपण आज व्हिनियर लावून जेवू शकतो ते या पकडीमुळे. तेव्हा तुमच्या दातांवर शूटिंगपुरतं काही लावलेलं नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

आता सांभाळायचं काय? माझ्या अनुभवात दोनच जागा. एक, दाताची खालची धार, जिने आपण घास तोडतो. दुसरी, हिरडीजवळचा सांधा, जिथे पोर्सिलिन संपतं आणि आपला स्वतःचा दात सुरू होतो. व्हिनियर मोडतो तो बहुतेक वेळा धारेला, आणि आतून बिघडतो तो सांध्याला. एखादा पदार्थ चालेल का, असा प्रश्न पडला की तो या दोनपैकी कुठल्या जागेला त्रास देईल एवढंच बघायचं.

आधी धार. पोर्सिलिन सरळ दाब चांगला सोसतं, पण ओढलं किंवा वाकवलं की कच्चं पडतं. दाढांनी चावताना जोर वरून खाली येतो. पुढच्या दातांनी तोडताना तो तिरका येतो, आणि वर आपण मनगटाला हिसका देऊन तुकडा ओढतो. म्हणून अख्ख्या सफरचंदाला दात लावणं वाईट, आणि त्याच सफरचंदाच्या पातळ फोडी दाढेखाली चावणं अगदी ठीक. पदार्थ तोच, फक्त धारेवर येणारा जोर गेला. कच्चं गाजर, कडक कवचाचा पाव, कणीस, हाडाला चिकटलेलं मांस, सगळ्यांना हाच न्याय. सुरीने कापा, हाताने तोडा, दाणे सोडवून घ्या, आणि घास थेट दाढेकडे न्या. मऊ सँडविच, केक, उकडलेली भाजी यांना पुढच्या दातांनी बिनधास्त तोडा, त्यासाठीच ते दात आहेत.

तुमचे व्हिनियर पुढच्या सहा दातांवर आहेत, म्हणजे दाढा तुमच्या स्वतःच्या. मग बदाम, अक्रोड दाढेखाली खायला काहीच हरकत नाही. कवच मात्र कुठल्याच दाताने फोडू नका. ज्या फळात बी किंवा आठळी आहे, ते खाताना बोलू नका, घाई करू नका. मऊ घासात अचानक दाताखाली आलेली कठीण वस्तू जास्त धोक्याची, कारण तेव्हा जबडा सैल सोडलेला असतो आणि जोर आवरता येत नाही. फ्रीजमधून काढलेलं कडक चॉकलेट चावण्याऐवजी तोंडात विरघळू द्या.

बर्फ मात्र पूर्ण बंद. यात मी कुणालाही सवलत देणार नाही. ग्लासातलं पेय संपल्यावर उरलेला बर्फ कडाकडा चावायची सवय अनेकांना असते आणि ती लक्षातही येत नाही. थंड पेय किंवा गरम सूप नेहमीसारखं घेतलंत तर चिकटवलेल्या पोर्सिलिनला काही होत नाही. खरी अडचण आहे ती बर्फाचा खडा धारेवर फोडण्यात.

माझा टवका उडाला तो खाताना नाही. पाचव्या वर्षी, दोन्ही हातांत सामान होतं म्हणून मी एक प्लास्टिकचं पाकीट दातांत धरून ओढलं. कट्ट असा बारीक आवाज आला. जीभ फिरवली तर समोरच्या एका दाताचा कोपरा खरखरीत लागत होता. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. डॉक्टरांनी तो कोपरा घासून कंपोझिटने भरला. दात वाचला, पण तेवढा कोपरा दर वर्षी थोडा पिवळा पडतो आणि पॉलिश करून घ्यावा लागतो. पाच वर्षं मी सफरचंद कापून खाल्लं होतं आणि नुकसान केलं ते पाकिटाने. म्हणून खाण्याइतकंच याकडेही लक्ष द्या: पाकिटं फाडणं, दोरा तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, पेनचं टोपण चावणं, नखं कुरतडणं. नखं तर विशेष, कारण त्यात दोन्ही धारा एकमेकींवर तासन्तास घासल्या जातात. आणखी एक बारीक गोष्ट: काट्यावरचा घास ओठांनी ओढून घ्या, धातूचा काटा दातांवर आपटू देऊ नका. काचेची बाटली थेट तोंडाला लावताना धक्का लागतो, त्यापेक्षा ग्लासात ओतून घ्या.

आता सांधा. सगळे जण टवक्याला घाबरतात, सांध्याकडे कुणी बघत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. फरशी पुसली की लख्ख होते, काळे पडतात ते दोन फरश्यांमधले सांधे. इथेही तसंच. पोर्सिलिनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर कॉफीचा रंग मुरत नाही, पोर्सिलिनला कीडही लागत नाही. पण त्याच्या कडेला सिमेंटची बारीक रेघ आहे आणि पलीकडे तुमचा जिवंत दात आहे. रेघेवर रंग चढतो, दाताला कीड लागते. कीड पोर्सिलिनच्या मागे शिरली की वरचा पापुद्रा शाबूत असूनही काढावा लागतो.

यासाठी पदार्थापेक्षा वेळ महत्त्वाची. तोंडातला पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. कोला 2.5 च्या आसपास असतो, लिंबाचा रस 2 ते 2.5. गोड काही खाल्लं की तोंडातले जिवाणू स्वतःच आम्ल तयार करतात. प्रत्येक वेळी लाळेला तोंड पूर्वपदावर आणायला अर्धा तास तरी लागतो. म्हणजे एक ग्लास सरबत जेवणाबरोबर दहा मिनिटांत संपवलंत तर एकदाच हल्ला झाला. तेच सरबत टेबलावर ठेवून तीन तास घोट घोट घेतलंत तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. गोड कॉफीचा मग दिवसभर समोर ठेवणं, कडक गोळ्या चघळत राहणं, तब्येतीसाठी म्हणून सकाळभर लिंबूपाणी घेणं, हे सगळं याच गटातलं. तुम्ही लिंबूपाणी घेत असाल तर मी सगळ्यात आधी ते बदलायला सांगेन: एका बैठकीत प्या, स्ट्रॉ घ्या, स्ट्रॉचं टोक पुढच्या दातांच्या मागे ठेवा आणि पेय तोंडात घोळवू नका. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश मात्र लगेच करू नका, आम्लाने मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं. अर्धा ते एक तास जाऊ द्या. आंबट-गोड खाण्याच्या शेवटी चीजचा तुकडा खाल्ला तर चांगलंच, त्याने लाळ सुटते आणि कॅल्शियमही मिळतं.

रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्या वेळी दातांवर राहिलेला गोडवा सकाळपर्यंत तिथेच असतो.

कॉफी सोडू नका. मी दिवसातून दोनदा पिते, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवते आणि कप थंड व्हायच्या आत संपवते. कॉफी, काळा चहा, रेड वाइन यांच्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा समजली. व्हिनियरचा रंग बदलत नाही, पण शेजारच्या नैसर्गिक दातांचा बदलतो. चार-पाच वर्षांनी आरशात बघताना व्हिनियर वेगळे उठून दिसू लागतात आणि वाटतं की तेच खराब झाले. शिवाय दात पांढरे करायच्या जेलने पोर्सिलिन उजळत नाही. त्यामुळे रंगाची काळजी घ्यायची ती खरं तर शेजाऱ्यांसाठी.

कंपोझिटचं सगळंच वेगळं. तुमचे पोर्सिलिनचे आहेत, तरी हे उत्तर इतर कुणी वाचत असेल तर: कंपोझिट रंग शोषून घेतं, कॉफी आणि हळद दोन्ही त्यात मुरतात. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने त्याचा पृष्ठभाग मऊ पडू शकतो. माझे दोन दात दुसऱ्या वर्षीच धुरकट दिसू लागले होते. त्यांना नियमित पॉलिश लागतं आणि टवकेही लवकर उडतात, पण दुरुस्ती सोपी असते.

दात घासण्याबद्दल थोडक्यात. कोळशाची किंवा 'झटपट पांढरे' म्हणणारी खरखरीत पेस्ट नको, तिने पोर्सिलिनची चकाकी जाते आणि चकाकी गेली की डाग बसू लागतात. मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट आणि रोज फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा. फ्लॉसने व्हिनियर निघत नाही, सांध्यात अडकलेलं अन्न मात्र निघतं. दवाखान्यात फ्लोराइड जेल लावणार असतील तर व्हिनियर आहेत हे आठवणीने सांगा. आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइडने पोर्सिलिन निस्तेज होतं, त्याऐवजी न्यूट्रल सोडियम फ्लोराइड लावता येतं. क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक माउथवॉश डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घ्या, चहा-कॉफीबरोबर त्याने तपकिरी डाग पडतात.

तीन आठवडे झाले म्हणजे तुमचा सुरुवातीचा नाजूक काळ उलटला. ज्यांचे अजून तात्पुरते व्हिनियर आहेत त्यांनी मात्र ते पक्के बसेपर्यंत मऊ खावं आणि च्युइंगगम, टॉफी पूर्ण टाळावी. पक्के बसवल्यावरही बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नये आणि पहिला दिवस जपून काढावा.

दोन गोष्टी तुम्ही या आठवड्यात तपासाच. तोंड हळू मिटताना किंवा खालचा जबडा पुढे सरकवताना एखादा दात बाकीच्यांच्या आधी टेकतोय का? टेकत असेल तर डॉक्टरांकडून तो पाच मिनिटांत घासून घ्या, कारण प्रत्येक घासाचा पहिला धक्का त्या एकट्या धारेला बसतोय. दुसरं, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का, रात्री दात खाता असं घरातलं कुणी सांगतं का? तसं असेल तर जेवणातली कुठलीही काळजी पुरी पडणार नाही. झोपेत दातांवर येणारा जोर जेवताना येणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. डॉक्टरांकडून मापाचा कडक नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कव्हर) करून घ्या आणि रोज लावा.

सांध्यावर तपकिरी रेघ दिसली, एकाच जागी फ्लॉस फाटू लागला, दाताला थंड झोंबू लागलं किंवा जिभेला कोपरा टोचला, तर सहा महिन्यांच्या तपासणीची वाट बघू नका. व्हिनियर अख्खा निघाला तर डबीत जपून ठेवा, घरातल्या गोंदाने चिकटवायला जाऊ नका. तुटलेला नसेल तर तोच परत बसवता येण्याची बरीच शक्यता असते.

आज सफरचंद घ्या, आठ फोडी करा आणि दाढेकडच्या बाजूने सावकाश खा. पहिल्या दोन फोडींना भीती वाटेल, मलाही वाटली होती. सहाव्या फोडीपर्यंत चव कळायला लागते.