तिकिटावरचं गाव नकाशात का नाही?

प्रश्न : आजोबांच्या तिकिटांच्या अल्बममध्ये कागदासकट कापलेलं हंगेरीचं एक तिकीट सापडलं. मुकुटावरनं उडणारा पक्षी आहे आणि शिक्क्यात 'मारामारोशसिगेत' असं वाचता येतंय. हंगेरीच्या नकाशात शोध शोध शोधलं, गाव काय मिळेना. – एक वाचक, हरिपूर

उत्तर : मिळणारच नाही, कारण ते गाव आता रोमानियात आहे, नाव सिगेत. नाव ऐकून मारामारी आठवली तरी हा हंगेरीचा जुना जिल्हा होता, मारामारोश, आणि सिगेत त्याचं मुख्यालय. असल्या जिल्ह्याला तिकडं 'वारमेद्ये' म्हणायचे, वार म्हणजे गड. क्षेत्रफळ साधारण ९,७०० चौ. किमी, म्हणजे आपल्या सांगलीपेक्षा मोठा आणि साताऱ्यापेक्षा थोडा लहान, पण सगळा कार्पेथियन डोंगर न जंगल, शेती बेताचीच. खरी कमाई मिठाची, आणि तीही समुद्राची नव्हे तर खाणीतली, तिसा नदीतनं खाली हंगेरीच्या मैदानात जायची. सिगेत म्हणजे बेट. तिसा आणि इझा नद्यांच्या संगमावर गाव वसलंय, हरिपूरकरांना संगम काय वेगळा सांगायला नको!

पहिल्या महायुद्धात हंगेरी हरली, ४ जून १९२० ला त्रियानोंचा तह झाला आणि जिल्ह्याचे दोन तुकडे पडले. दक्षिणेचा रोमानियाला, उत्तरेचा मोठा चेकोस्लोव्हाकियाला, सिगेतजवळ तर तिसाच हद्द झाली. म्हणजे कृष्णेच्या अलीकडं एक देश आणि पलीकडं दुसरा, असं समजा. सिगेतच्या समोरच्या काठावर सोलोत्विनो आहे, मिठाच्या खाणींचं गाव. तिथला एखादा म्हातारा घर न सोडता हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, मग १९३९ ला परत हंगेरी, १९४५ ला सोव्हिएत संघ आणि १९९१ पासनं युक्रेन असा फिरला असेल. आपल्याकडं नुसतं सांगली संस्थानाचं दक्षिण सातारा न दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं तर पत्ते बदलताना लोकांची किती धांदल उडाली असेल, तिथं तर देशच बदलत होता.

१९४४ मध्ये हे सगळं, सिगेतसुद्धा, परत हंगेरीच्या ताब्यात असताना सिगेतमधल्या हजारो ज्यूंना रेल्वेत कोंबून आउशविट्झला, नाझींच्या मृत्युछावणीत पाठवलं. त्यातलाच १५ वर्षांचा एक पोरगा वाचला, एली वीझेल, त्याला पुढं १९८६ ला शांततेचं नोबेल मिळालं.

पक्ष्याचं नाव तुरुल, हंगेरीच्या दंतकथेतला, हे डिझाइन १९०० पासनं चालू झालं, म्हणजे तुमचं तिकीट त्यानंतरचं. आणि एक, पाण्यात भिजवून ते कागदावरनं सोडवू नका हं, निम्मा शिक्का कागदावर असतो, तो गेला तर गावाचं नावच अर्धं राहील.