इंजेक्शनची बाईक (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) धुतल्यापासून चालू होत नाहीये, सेल्फ फिरतोय पण इंजिन पेटत नाही, मेकॅनिक ईसीयू बदलायला सांगतोय, काय करू?

आधी एकच सांगतो, ईसीयूला, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणाऱ्या गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरला, एवढ्यात हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी धुतली, दोन दिवस उभी होती आणि आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पेटत नाही. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, मलाही ईसीयूच सांगितला होता, मी ऐकून बदलला सुद्धा आणि गाडी तशीच राहिली, म्हणून कळकळीने लिहितोय. ईसीयू जाऊ शकतो, नाही असं नाही, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा.

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, गाडी शांत जागी उभी करून टाकीजवळ कान न्या. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) चालूवर असेल तर 2-3 सेकंद घुंईं असा बारीक आवाज येऊन बंद होतो, तो टाकीतला पेट्रोल पंप. त्याच वेळी मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा पेटला पाहिजे. काही गाड्यांत तो थोड्या वेळाने विझतो, काहींत इंजिन चालू होईपर्यंत पेटलेलाच असतो, तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल. दिवा पेटतच नाही आणि पंपही गप्प, असं असेल तर बहुधा ईसीयूपर्यंत करंटच पोचत नाहीये. मग फ्यूज, मेन रिले (करंट आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), किल स्विच बघा. धुताना किल स्विचला हात लागून तो बंद होतो आणि आपण तासभर डोकं खपवतो, हे फार वेळा होतं. काही गाड्यांत तो बंद असला तर सेल्फ सुद्धा फिरत नाही, काहींत फिरतो, म्हणून लक्षात येत नाही.

दिवा पेटतोय पण पंपाचा आवाज नाही, तर पंपाचा फ्यूज, रिले, कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) बघा. रिले तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच गाडीत तशाच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघायची. गाडी आडवी पडली होती का मध्ये? पडल्यावर इंजिन बंद करणारा एक सेन्सर असतो, तो लागला असेल तर गाडी सरळ उभी करून किल्ली एकदा बंद करून परत चालू करावी लागते, नाहीतर कितीही सेल्फ मारा काही होणार नाही.

आता बॅटरी. इथे जवळपास सगळे फसतात, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ते बऱ्यापैकी लागू होतं, इंजेक्शनला नाही. इथे त्याच बॅटरीवर सेल्फ, पंप, इंजेक्टर, स्पार्कची कॉइल आणि ईसीयू सगळे एकदम ओढत असतात, सेल्फ कसाबसा फिरतो पण व्होल्टेज इतकं खाली बसतं की ईसीयू मध्येच बंद होऊन परत चालू होतो आणि इंजिन काही पेटत नाही. ओळखायचं कसं, तर सेल्फ मारताना मीटरचा डिस्प्ले विझून परत येतो किंवा घड्याळ शून्यावर जातं. मल्टीमीटर असेल तर किल्ली बंद असताना बॅटरीवर लावा, पूर्ण चार्ज असेल तर 12.6 च्या आसपास दिसेल, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा मगच पुढचं बघा. आणि सेल्फ मारताना जर आकडा 10 च्या खाली जात असेल तर बॅटरी दमलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे, टर्मिनल हाताने हलवून बघाच, आणि इंजिनला जोडलेली अर्थिंगची वायर पण. बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलूनही ही गाडी चालू होत नाही, पंपच चालत नाही तर पेट्रोल कुठून येणार, त्यामुळे मित्रांना घामाघूम करू नका.

दिवा, पंप, बॅटरी सगळं ठीक असेल तर 5-5 सेकंदांचे दोनतीन सेल्फ मारा, मध्ये जरा थांबा, आणि लगेच स्पार्क प्लग काढून बघा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, स्पार्क नाही किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचलंय. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये. या एका गोष्टीवरून अर्धं काम होतं. धुतलेल्या गाडीत प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असतं, प्लग काढायच्या आधी ते कोरडं करा नाहीतर ते सिलेंडरमध्ये जाईल. स्पार्क बघायचा असेल तर जुना एखादा प्लग कॅपला लावून त्याची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवा, मूळ प्लग परत भोकात बसवून ठेवा, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येऊन पेट घेणार नाही. प्लग हातात धरू नका आणि कॅप नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, कॉइलला धोका असतो.

फ्लड झालं असेल तर बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सेल्फ मारला की ईसीयू पेट्रोल तोडतो आणि आतलं उडून जातं. पण एरवी इंजेक्शनच्या गाडीला चालू करताना ॲक्सिलरेटर द्यायचाच नसतो, हवा आणि पेट्रोल किती ते तिचं ती ठरवते. जुनी सवय सुटत नाही खरी.

आता माझ्या गाडीत काय निघालं ते. पंप सुरुवातीला 2 सेकंद वाजायचा, पण सेल्फ मारताना स्पार्कही नाही आणि प्लगही कोरडा. दोन्ही एकदम गायब असतील तर संशय क्रँक सेन्सरवर घ्यायचा, कारण पिस्टन कुठे आहे हे त्याच्याकडूनच कळतं, त्याचा सिग्नल नसेल तर ईसीयू ना पेट्रोल सोडतो ना स्पार्क देतो, त्याला इंजिन फिरतंय हेच माहीत नसतं. सेन्सर चांगला होता. त्याच्या कपलरमध्ये पाणी शिरून एका पिनेवर हिरवा गंज धरला होता, एवढंच. साफ केलं, सुकवलं, परत बसवलं आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू. नवा ईसीयू घेतलेला तो वायाच गेला.

म्हणून तुम्ही धुताना प्रेशरच्या पाण्याने मारलं असेल तर सीटखालचे आणि इंजिनाजवळचे कपलर एकेक उघडून बघा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून. पिना हिरव्या-पांढऱ्या दिसल्या तर काँटॅक्ट क्लीनर मारा, नसेल तर निदान कोरड्या हवेने सुकवा. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघून घ्या. पेट्रोलचा पाइप मात्र काढायला जाऊ नका, आत प्रेशर असतं, पेट्रोल अंगावर उडतं.

पिवळा दिवा ठराविक पद्धतीने लुकलुकत असेल तर तो कोड असतो, लांब किती आणि छोटे किती ते मोजून लिहून ठेवा, मॅन्युअलमध्ये कुठला सेन्सर ते मिळतं. बघून इथेच सांगा, दिवा कसा वागतोय, पंप वाजतोय का आणि प्लग ओला का कोरडा, या तिन्हीवरून पुढचं सांगता येईल.