फोटोग्राफी शिकायला परदेशी: ‘थय पोटापुरता गावतला काय?’

देवगडचे एक आंबा बागायतदार मुलीला घेऊन समुपदेशनाला आले होते. तन्वी (नाव बदललं आहे) बी.कॉम. झालेली, लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेणारी. तिला लंडन किंवा जर्मनीत फोटोग्राफी शिकायची होती. वडिलांना एकच घोर: “चेडवाक थय पोटापुरता गावतला काय?” म्हणजे मुलीला तिथे पोटापुरतं मिळेल का?

तन्वीचा हिशोब तयार होता. शनिवार-रविवारी तिथल्या भारतीयांची लग्नं घ्यायची, खर्च सुटेल. बहुतेकांची गफलत इथेच होते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा करता येत नाही. पैसे घेऊन एका लग्नाचे फोटो काढले तरी अट मोडते. जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस नोकरीची मुभा आहे. फ्रीलान्स कामाला मात्र वेगळी परवानगी लागते. म्हणून सुरुवातीचा खर्च घरचाच धरायचा. स्टुडिओत पगारी साहाय्यकाचं काम मिळालं तर ती वरकड कमाई.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) सध्या वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. वडील बाग तारण ठेवायला निघाले होते. शेतजमिनीला सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जासाठी बँकेला कोर्टाशिवाय तारण जप्त करू देणारा) लागू नाही, त्यामुळे बँका शैक्षणिक कर्जाला ती सहसा घेत नाहीत. त्यात सातबारा सामाईक, मुंबईच्या काकांच्या सह्या हव्यात. घर किंवा मुदत ठेव बघा, असं त्यांना सांगितलं.

खरं काम पोर्टफोलिओचं, म्हणजे प्रवेशासाठी पाठवायच्या निवडक फोटोंच्या संचाचं होतं. तन्वीने नवरीचे क्लोजअप आणि दीपस्तंभामागचे सूर्यास्त आणले होते. एकेक फोटो देखणा, पण परीक्षकाला तिची नजर कुठे दिसणार? विषय तर घरातच होता: बागेतला हंगाम. मोहोर, फवारणी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेला आंबा, पेट्या भरणं, राखणीला आलेले नेपाळी गडी. गड्यांना विचारून, त्यांची संमती घेऊन.

पुढच्या खेपेला तिने खोपीतला एक फोटो आणला. चुलीच्या उजेडात गडी फोनवर घरी बोलतोय, मागे पेंढ्यात आंब्याची अढी. 50 एमएम लेन्स, एफ/1.8 छिद्र, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 3200, फ्लॅश नाही. त्यामुळे फोटोत थोडे दाणे दिसतात, दिसू देत. अल्बममधल्या नवरीच्या साऱ्या फोटोंपेक्षा हा एक फोटो वजनदार आहे. असे 15 ते 20, क्रम लावून, प्रत्येकाखाली ठिकाण आणि तारीख. रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) जपून ठेवायच्या.

तन्वीने जर्मनी निवडली. डॉर्टमुंडसारख्या ठिकाणी पदवीचं शिक्षण जर्मन भाषेत चालतं, म्हणून हे वर्ष भाषेला आणि एका पूर्ण हंगामाला दिलं आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला तिथे 18 महिने राहता येतं. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर त्या मुदतीत लागायचं आहे.