पाच जणांचं अंदमान आणि विमानाचं भाडं

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सोलापूरला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की अंदमानला जायचं मनात आहे. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६६), मुलगी सात वर्षांची आणि धाकटा, त्याला नेमकी ट्रिपमध्येच दोन वर्षं पूर्ण होतात. पुण्याहून सगळ्यांचं जाऊन-येऊन भाडं बघितलं आणि ह्यांनी लॅपटॉपच बंद केला. मैत्रिणी म्हणतात मंगळवारी रात्री बारानंतर बघ, इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी विंडोत) बघ, स्वस्त दिसतं. खरं आहे का? सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचंच आहे त्यामुळे ट्रिप रद्द करवत नाही.

उत्तर : रद्द करूच नका, त्यांना घेऊन जाच. मंगळवार-इन्कॉग्निटो मात्र डोक्यातून काढून टाका. बुकिंग कुठल्या वारी करता याने काही होत नाही, उडता कुठल्या वारी त्याने होतं. भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवा असतो, त्याच आठवड्यातले मधले वार बघा.

पण तुमच्या केसमध्ये सगळ्यात आधी धाकट्याचा हिशोब करा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर घेऊन बसता येतं, त्याला पूर्ण भाडं नाही, इन्फंटची ठरलेली फी लागते. वय धरतात ते प्रवासाच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नाही, म्हणजे जाताना तो मांडीवर आणि येताना त्याला वेगळी सीट घ्यावी लागणार, आणि देशातल्या बहुतेक फ्लाइटना दोन वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांइतकंच भाडं पडतं. शाळेला सुट्टी लागली की लगेच निघालात आणि त्याच्या वाढदिवसाआधी परत आलात तर ते एक तिकीट पूर्ण वाचतं. यंदा फराळाचे डबे सोबत नेऊन दिवाळी तिकडेच झाली तर घरात चालेल का, सासूबाईंना विचारून बघा, मला वाटतं त्याच आधी हो म्हणतील. जन्मदाखला मात्र जवळ ठेवा, काउंटरवर मागतात.

दुसरं, चार तिकिटं एकदम शोधू नका. एकाच फ्लाइटमध्ये वेगवेगळ्या भाड्याच्या थोड्या-थोड्या सीटा असतात. समजा ६,००० वाल्या दोनच उरल्यात आणि पुढच्या ७,५०० च्या आहेत, तर तुम्ही चार जण टाकलेत की सिस्टीम चौघांनाही ७,५०० लावते, त्या दोन स्वस्त सीटा तुम्हाला दिसतच नाहीत. म्हणून आधी एकासाठी बघायचं, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. फरक आला तर दोन बुकिंग करा, एकात तुम्ही, बाळ आणि सासूबाई, दुसऱ्यात मिस्टर आणि मुलगी. मुलांना कधीही आईबापांपासून तोडू नका, कारण १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी सीट द्यायचीच असं डीजीसीएने (विमान वाहतुकीचे नियम करणारं सरकारी खातं) २०२४ मध्ये एअरलाइन्सना सांगितलंय, पण ते एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंगमध्ये) असतील तरच. हा नियम माहीत असला की सीट निवडायच्या पानावर घाबरून जास्तीचे पैसे भरायची गरज पडत नाही.

आता रूट. तुम्ही पुणेच का धरून बसलात? पोर्ट ब्लेअरचं (आता श्रीविजयपुरम) भाडं मुख्यतः समुद्रावरच्या टप्प्याचं असतं आणि तुम्ही तर मुंबई-चेन्नई लाइनवरच राहता! ट्रेनने चेन्नई गाठा, तिथून विमान साधारण दोन-सव्वादोन तासांचं. हैदराबादहूनही शोधा, सोलापूरपासून साधारण ३०० किलोमीटर, रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता. चौघांचा पुणे ते चेन्नई विमानखर्च वाचला की तिकडे फेरीबोटीचं आणि हॉटेलचं बरंच भागतं. अडचण एवढीच की विमानाचं बुकिंग कितीतरी महिने आधी उघडतं आणि रेल्वेचं आता ६० दिवस आधीच, म्हणून विमान काढलं की रेल्वेची तारीख लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला लॉगिन करून बसा. आणि ज्या दिवशी चेन्नईत उतरता त्याच दिवशीचं विमान नको. ट्रेन लेट झाली तर एअरलाइनला त्याचं काही देणंघेणं नसतं, शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा चेन्नईचा खरा पावसाळा, डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात विमानतळच बंद ठेवावा लागला होता. एक रात्र तिथे राहा, सासूबाईंनाही आराम मिळेल. पुण्याहूनच जायचं ठरलं तर दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या, थोडं महाग पडलं तरी, कारण पहिलं लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी एअरलाइनची राहते.

तसंच परत येताना आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, हॅवलॉक बेटावर नाही. समुद्र खवळला की फेरीबोट रद्द होते आणि मग चार तिकिटं पाण्यात.

सासूबाईंसाठी साइटवर सीनियर सिटिझनचं ऑप्शन टिक करून बघा, ६० च्या वर काही एअरलाइन्स मूळ भाड्यात सवलत देतात, पण सेलचं साधं भाडं कधीकधी त्याहून कमी असतं, दोन्ही बघूनच घ्या. आणि तुलना करायची ती पहिल्या पानावरच्या आकड्याची नाही, पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या आकड्याची. कन्व्हिनियन्स फी बऱ्याच ठिकाणी प्रत्येक माणसामागे लागते, इन्शुरन्सची टिक आधीच केलेली असू शकते, ती काढा.

प्रश्न : तिकीट काढलं आणि दुसऱ्याच दिवशी भाडं उतरलं. रद्द करून परत काढू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवरून काढलं असेल, बुकिंगला ४८ तास झाले नसतील आणि प्रवास बराच पुढे असेल तर फुकट रद्द करता येतं, डीजीसीएचाच नियम आहे, लगेच करा. वेळ गेली असेल तर रद्द करायची फी आणि भाड्यातला फरक मांडून बघा, बहुतेकदा परवडत नाही. पण पुढे कधी जाणं रद्दच झालं तर तिकीट नॉन-रिफंडेबल आहे म्हणून सोडून देऊ नका. सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफसारखी (विमानतळ वापरण्याची) फी तरीही परत द्यावी लागते, ती मागून घ्या.