इचलकरंजीत कापडाची प्रोसेस हाऊस (रंगाई-छपाईचे कारखाने) आहेत. असे कारखाने बंद न पाडता औद्योगिक शहराची हवा सुधारता येते का? असं कुठे प्रत्यक्ष झालंय का?

झालंय, आणि तेही फार लांब नाही, सुरतमध्ये. तुम्ही इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसबद्दल विचारलंय म्हणून सुरतचंच उदाहरण घेतो. धंदा तोच (कापडाची रंगाई-छपाई), बॉयलर तसेच, आणि चिमणीतून निघणारी राखही तशीच.

आधी जुनी पद्धत कुठे अडते ते बघू. 1981 च्या हवा कायद्याखाली राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक चिमणीला एक मर्यादा घालून देतं. सुरतच्या बॉयलरना ती प्रति घनमीटर 150 मिलिग्रॅम धूलिकण अशी होती. ही मर्यादा म्हणजे धुराचा दाटपणा. एकूण राख किती बाहेर पडली, याचा तिच्याशी संबंध नाही. एक कारखाना दिवसाला 10 तास चालतो आणि दुसरा त्याच दाटपणाने 24 तास, तर कागदावर दोघेही सारखेच निर्दोष. वर तपासणी वर्षातून मोजक्या वेळा, आणि त्या दिवशी बॅग फिल्टर (धूर कापडी पिशव्यांतून गाळून राख अडवणारं यंत्र) हमखास चालू असतो. चूक सापडलीच तर मंडळाच्या हातात मुख्य हत्यार असायचं ते वीज तोडून कारखाना बंद करण्याचं. उंदीर मारायला तोफ. ती रोज कोण डागणार? म्हणून बहुतेक वेळा नुसती नोटीस जायची.

गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2019 मध्ये सुरतेत उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. धूलिकणांसाठी असा बाजार भारतात पहिलाच. कोळसा आणि लिग्नाइट (तपकिरी कोळसा) जाळणारे 317 मोठे कारखाने निवडले, बहुतेक कापडाचे. त्यातले 162 चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने बाजारात घेतले, उरलेले जुन्याच नियमांखाली ठेवले. या विभागणीमुळेच निष्कर्षांवर विश्वास ठेवता येतो. नाहीतर ‘पाऊस चांगला झाला म्हणून हवा सुधारली’ असं कुणीही म्हणू शकलं असतं.

बाजाराची रचना अशी. सगळ्या 162 कारखान्यांनी मिळून महिन्याला किती टन राख सोडायची याची एकच मर्यादा ठरते. ती सुरुवातीला 280 टन होती, मग टप्प्याटप्प्याने खाली आणली. 1 परवाना म्हणजे 1 किलो धूलिकण. 80 टक्के परवाने कारखान्याच्या क्षमतेच्या प्रमाणात फुकट वाटले, बाकीचे लिलावात विकले. मुदत संपताना जितके किलो सोडले तितके परवाने खात्यात हवेत. कमी पडले तर बाजारातून घ्या, उरले तर विका. भाव किलोला 5 रुपयांच्या खाली आणि 100 रुपयांच्या वर जाणार नाही अशी कुंपणं दोन्ही बाजूंना. परवाना न घेता सोडलेल्या राखेची भरपाई किलोला 200 रुपये, आणि ती आधीच भरून घेतलेल्या अनामत रकमेतून परस्पर वळती. माझ्या मते सगळ्या योजनेतली सर्वांत हुशार तरतूद ही अनामत आहे. वसुलीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

आकडा हाताशी असावा म्हणून एक हिशेब. समजा, चिमणीतून तासाला 20,000 घनमीटर वायू जातो आणि दाटपणा 100 मिलिग्रॅम आहे. म्हणजे तासाला 2 किलो, दिवसाला 48, महिन्याच्या 26 दिवसांत 1,248 किलो. किमान भावाने हे 6,240 रुपये होतात, कमाल भावाने 1,24,800, आणि परवान्याशिवाय सुमारे अडीच लाख. मालकाला आता दाटपणा 100 वरून 60 वर आणण्याचा फायदा रुपयांत दिसतो. पूर्वी 150 च्या खाली आलं की पुढे कमी करण्यात एका पैशाचाही लाभ नव्हता.

निकाल 2025 मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छापून आला (ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि सुदर्शन यांचा अभ्यास). बाजारातल्या कारखान्यांचं धूलिकण उत्सर्जन 20 ते 30 टक्के घटलं, आणि तेवढंच उत्सर्जन रोखण्याचा खर्च 11 ते 14 टक्के कमी आला. 99 टक्के वेळा कारखान्यांकडे पुरेसे परवाने होते. जुन्या नियमांखालचे कारखाने मात्र किमान एक तृतीयांश वेळा मर्यादा मोडत होते. खर्च कमी होण्याचं कारण साधं आहे: ज्याला राख अडवणं स्वस्त पडतं तो जास्त अडवतो आणि उरलेले परवाने विकतो, ज्याला महाग पडतं तो ते विकत घेतो.

आता खरी मेख. बाजार उभा करणं सोपं आहे, अवघड आहे ते मोजमाप. चिमणीत चोवीस तास मोजणारं यंत्र (सीईएमएस) बसवावं लागतं, आणि धूलिकणांचं यंत्र राख तोलत नाही. ते प्रकाशाचं विखुरणं किंवा कणांचा विद्युतभार मोजून मिलिअँपिअरमध्ये संकेत देतं. त्या संकेताचे किलो करायला त्याच वेळी चिमणीतून हाताने नमुने काढून वक्र (कुठल्या संकेताला किती राख, हे सांगणारी रेघ) जुळवावा लागतो. नमुना काढताना नळीतला ओढण्याचा वेग चिमणीतल्या वेगाइतकाच हवा. वेग कमी-जास्त झाला तर जड कणांचं प्रमाण चुकतं. नमुन्याचं भोक शेवटच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट उंचीवर असावं. 0.8 मीटर व्यास असेल तर 6.4 मीटर. अनेक जुन्या चिमण्यांना तेवढी सरळ लांबीच नसते, मग आकडा रोज वेगळा येतो आणि दोष यंत्राला दिला जातो. कोळसा बदलला, सुरती लिग्नाइटऐवजी इंडोनेशियाचा आला, तरी वक्र पुन्हा जुळवावा लागतो.

लबाडीही इथेच होते. संकेत तासन्‌तास एका रेषेत राहिला तर तार काढलेली आहे किंवा यंत्राच्या काचेवर राख बसली आहे. बॉयलर बंद असताना आकडा शून्यावर येत नसेल तरी तेच. चिमणीत बाहेरची हवा ओढून दाटपणा उतरवणारे असतात, म्हणून प्राणवायूचं प्रमाण आणि प्रवाहही सोबत मोजलेले बरे. डेटा आलाच नाही तर सुरतेत तो काळ कारखान्याला महाग पडेल अशा चढ्या आकड्याने भरतात. त्यामुळे यंत्र बंद ठेवण्यात शहाणपण उरत नाही.

कारखान्याच्या आत काय बदलावं लागतं? यंत्रं बहुतेकांकडे होतीच: सायक्लोन (धूर गरगर फिरवून जड राख वेगळी करणारं), बॅग फिल्टर, स्क्रबर (पाण्याने धूर धुणारं). प्रश्न ती नीट चालवण्याचा. पॉलिएस्टरच्या पिशव्या सुमारे 130 अंशांवर खराब होऊ लागतात. उलट गंधकाचा कोळसा असेल तर 120 च्या आसपास आम्लाचं दव धरतं, राखेचा चिखल होतो आणि पिशवी बुजते. कामाची पट्टी इतकी अरुंद आहे. म्हणून थंड बॉयलर पेटवताना फायरमन (बॉयलर सांभाळणारा कामगार) बायपासचं, म्हणजे धूर फिल्टर टाळून थेट चिमणीत सोडणाऱ्या वाटेचं, झाकण उघडतो, ते बरोबरच आहे. पण मग ते तसंच राहतं, कारण फॅनची वीज वाचते. पिशव्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या हवेच्या दाबातला फरक साधारण 100 ते 150 मिलिमीटर पाण्याइतका असावा. एकदम 50 वर घसरला तर पिशवी फाटली, 200 च्या वर गेला तर बुजली. ठिणगीने पिशवीला भोकं पडत असतील तर आधी सायक्लोनची हवाबंदी तपासा.

मर्यादाही सांगतो. ही योजना फक्त चिमणीतल्या धूलिकणांची आहे. सल्फर डायॉक्साइड, रस्त्यावरची धूळ, उघड्यावर टाकलेली राख यांना ती हात लावत नाही, आणि एकाच गल्लीतले चार कारखाने परवाने विकत घेत बसले तर त्या गल्लीची हवा सुधारत नाही. तिथे चिमणीनिहाय मर्यादा ठेवावीच लागते. नवे कारखाने येणार असतील तर त्यांच्यासाठी परवान्यांचा वाटा आधीच राखून ठेवावा, नाहीतर ‘वाढ होऊ देत नाहीत’ ही ओरड पहिल्याच वर्षी होते.

2011 मध्ये केंद्राने अशा बाजाराची कल्पना मांडली तेव्हा गुजरातबरोबर महाराष्ट्र आणि तमिळनाडूही यादीत होते. आपल्याकडे महाराष्ट्रात 2017 मध्ये तपासणीच्या आकड्यांवरून कारखान्यांना 1 ते 5 तारे देण्याची योजना आली. ताऱ्यांमुळे लोकांना कळतं, पण मालकाच्या वहीत त्याने आकडा पडत नाही.

तुमच्या वसाहतीपुरतं सुरुवात करायची असेल तर बाजाराची वाट बघू नका. दहा-पंधरा प्रोसेसवाल्यांनी मिळून आधी प्रत्येक चिमणीचा व्यास, सरळ लांबी आणि तासाचा वायुप्रवाह मोजून एका तक्त्यात भरा. मग बॅग फिल्टरवर दाबमापक लावा आणि प्रत्येक पाळीला एक आकडा लिहायला सांगा. आणि बायपासच्या झाकणाला एक लिमिट स्विच (झाकण उघडं की बंद हे कळवणारं बटण) बसवून त्याची तार फायरमनच्या खोलीत नको, ऑफिसात आणा.