मुख्याध्यापक म्हणतात, ‘दाखला घेऊन जा’

प्रश्न : आम्ही अनुसूचित जमातीचे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. तोंडातून घरची बोली निघाली की वर्गशिक्षक भरवर्गात जातीचं नाव घेऊन हिणवतात. काल छडीने हातावर वळ उठले. मुख्याध्यापक म्हणतात, पटत नसेल तर दाखला घेऊन जा. काय करावं?

उत्तर : दाखल्यासाठी अर्ज करू नका. एकदा सही झाली की ‘पालकांनी स्वखुशीने काढलं’ एवढंच कागदावर उरतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ मुळे आठवी पुरी होईपर्यंत शाळेला तिला काढता येत नाही.

वळ दिसतायत तोवर, म्हणजे आजच, सरकारी दवाखान्यात दाखवा. केसपेपरवर ‘शिक्षकाने छडीने मारले’ हे कारण लिहून घ्या. नुसतं ‘हाताला मार’ असेल तर उद्या ‘खेळताना पडली’ म्हणायला ते मोकळे.

मग तक्रार. ‘सर जातीवरून बोलतात’ असे मोघम अर्ज पहिल्याच चौकशीत गळतात. तारीख, कुठला तास, समोर कोण होतं आणि नेमके शब्द, कितीही घाणेरडे असले तरी जसेच्या तसे लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. कलम २९ शिक्षण भयमुक्त असावं आणि शक्य तिथवर मातृभाषेतून असावं असं सांगतं, तेव्हा बोलीची टिंगल किरकोळ समजून वगळू नका. कलम ३२ खालचा हा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित आहे. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील होतं.

पोलिसांत फिर्याद वेगळी. शिक्षक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचे नसतील तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि (एस), म्हणजे मुद्दाम अपमान आणि जातीवरून शिवीगाळ, लागू शकतं. मुख्य अट ही की अपमान चारचौघांदेखत झालेला हवा. भरल्या वर्गातलं बोलणं त्यात बसवता येतं. मुख्याध्यापकांच्या बंद खोलीत फक्त तुम्हा दोघांत झालेलं बसणं कठीण. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असं ठाण्यात सांगितलं तर कलम १८-अ दाखवा, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तरीही टाळलं तर तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. सोबत बाल न्याय कायद्याचं कलम ७५, म्हणजे सांभाळायला दिलेल्या मुलाशी क्रूरपणे वागणं, मागा. अर्ज लिहून देणारे सवयीने ८२ घालतात, ते बालगृहांसारख्या संस्थांसाठी आहे.

मुलीचा व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करणाऱ्या बाल न्याय कायद्याच्याच कलम ७४ खाली तुम्हीच अडचणीत याल. जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावलं तर नेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार पोलिसांनीच घरी यायचं असतं.