साधी एस-क्लास की मायबाख: वरचे पैसे नेमके कुठे जातात?

तुम्ही विचारलंय की वडिलांसाठी मोठी सेडान घ्यायची आहे, मर्सिडीझची एस-क्लास आणि तिचीच जास्त लांब, आलिशान आवृत्ती मायबाख एस 580 यांत किमतीचा एवढा फरक का, आणि अशा गाडीची पारख करायची कशी. मी पुण्यात गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजण्याचं काम करतो, त्यामुळे या प्रश्नावर मला मनापासून बोलायचंय.

आधी निकाल सांगतो. वडील मागे बसणार आणि गाडी ड्रायव्हर चालवणार, तर मायबाख घ्या. तुम्ही स्वतःच चालवणार असाल, तर साधी एस-क्लास घ्या, कारण वरचा जवळजवळ सगळा खर्च मागच्या डाव्या सीटवर झालेला आहे आणि तो पुढे बसून कळणारच नाही. दोन्ही गाड्यांची जुळणी आपल्या चाकणलाच होते. ऑक्टोबर 2021 मध्ये इथे जुळलेली एस-क्लास आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत 1.57 कोटीपासून होती, आणि मार्च 2022 मध्ये एस 580 आली ती अडीच कोटींना. त्याच वेळी पूर्ण आयात होणारी, बारा सिलिंडरच्या व्ही-12 इंजिनाची मायबाख एस 680 होती 3.2 कोटींना. आता आकडे वर गेलेत, पण तफावत साधारण त्याच धर्तीची धरा.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडच्या एस-क्लासचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 3216 मिमी, मायबाखचा 3396 मिमी. ही 18 सेंटिमीटर सगळी मागच्या माणसाला दिलेली आहेत. लोक पाय पसरण्याच्या जागेबद्दल बोलतात, मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो हेलकाव्यांवर होणारा परिणाम. गतिरोधकावर पुढची चाकं चढली की गाडीचं नाक उचललं जातं, मग मागची चाकं चढली की शेपूट. पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून जेवढी लांब, तेवढा त्याच उंचीच्या अडथळ्यावर हा झुकण्याचा कोन कमी. शिवाय मायबाखमध्ये मागचा माणूस दाराच्या काचेच्या जरा मागे, जाड खांबाच्या आडोशाला बसतो. बाहेरून चेहरा दिसत नाही आणि कानाजवळचा वाऱ्याचा आवाजही कमी होतो. तोटा एकच आणि तो आपल्या रस्त्यांवर खरा आहे: लांब गाडीचं पोट उंच गतिरोधकाला घासू शकतं. एअर सस्पेन्शनने, म्हणजे हवेच्या स्प्रिंगांनी, गाडी वर उचलता येते, पण ते बटण दाबायची सवय ड्रायव्हरला लावावी लागेल.

आराम म्हणजे काय, हे मोजता येतं. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची कंपनं सगळ्यात जास्त त्रास देतात ती सेकंदाला 4 ते 8 या टप्प्यातली, कारण पोट आणि छातीचा भाग तिथेच जास्त हलतो. चांगल्या सेडानची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एकदा वरखाली होते, चाकं स्वतःच्या वजनाने 10 ते 15 वेळा थरथरतात. सगळं कसब आहे ते या दोन्हींच्या मधला टप्पा शांत ठेवण्यात. लोखंडी स्प्रिंगच्या गाडीत दोन माणसं आणि सामान वाढलं की हे गणित बदलतं. हवेची स्प्रिंग वजन वाढलं की आतला दाब वाढवून उंची तीच ठेवते आणि हेलकाव्याचा वेगही जवळपास तोच राहतो. वडील एकटे असोत की पाच जण असोत, गाडी सारखीच वागते.

याच्या पुढची पायरी म्हणजे मर्सिडीझची ई-ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल. तिच्यात 48 व्होल्टवर चालणाऱ्या पंपांमुळे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर ढकलता किंवा खाली ओढता येतं, आणि कॅमेरा पुढचा रस्ता आधीच वाचून ठेवतो. बाजूने धडक बसणार असं वाटलं तर ही यंत्रणा क्षणात गाडी त्या बाजूने सुमारे 80 मिमी उचलते, म्हणजे धडक दारापेक्षा खालच्या मजबूत भागावर बसावी. तुम्ही घेताय त्या गाडीत साधी एअरमॅटिक, म्हणजे नुसती हवेची स्प्रिंग, आहे की ही, ते लेखी विचारून घ्या.

रोल्स-रॉइस फँटमचा रस्ता वेगळा आहे, आणि तुलनेसाठी तो माहीत असावा. 2017 साली आलेल्या आठव्या पिढीत कंपनीने नुसत्या आवाजरोधक साहित्यावर 130 किलोहून जास्त वजन खर्च केलं, टायरच्या आत फोम भरला आणि गाडी अडीच टनांच्या पुढे नेली. 6.75 लिटरचं व्ही-12 इंजिन 1700 आरपीएमलाच (मिनिटाला 1700 फेरे) 900 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, कारण इंजिनाला कधी धावपळ करायला लागू नये. वजनाने शांतता विकत घेण्याची ही रीत मला आवडते. पण तिची किंमत मायबाखच्या कितीतरी पट, आणि आपल्या शहरांत ती वळवणं सोपं नाही.

व्ही-8 आणि व्ही-12 मधला फरक खरा आहे का? आहे, पण वाटतो तेवढा नाही. व्ही-12 म्हणजे एकाच क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, बसवलेली दोन सहा-सिलिंडर इंजिनं, त्यामुळे त्यातले धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण काटतात. 600 आरपीएमला त्यात सेकंदाला 60 स्फोट होतात, व्ही-8 मध्ये 40. स्फोट जास्त आणि लहान, म्हणून तो गुळगुळीतपणा. एस 580 चं चार लिटरचं व्ही-8 मात्र 48 व्होल्टच्या जनित्राशी जोडलेलं आहे आणि सिग्नलला बंद होऊन पुन्हा सुरू होताना मागे बसलेल्याला कळतही नाही. सिग्नलवर उभं राहण्यातच अर्धा दिवस जाणाऱ्या शहरात मी नुसत्या इंजिनासाठी वर 70 लाख (2022 च्या किमतींनी) घालून एस 680 घेणार नाही.

पाहणी करताना शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारून परत येऊ नका. वडिलांना मागे डावीकडे बसवा, गाणी आणि मसाज बंद करा, आणि चाकण–तळेगाव रस्त्यासारख्या खडबडीत रस्त्यावर ताशी 20 ते 30 ने न्यायला सांगा. खड्ड्याचा दणका किती बसतो त्यापेक्षा डोकं डावी-उजवीकडे किती झुलतं ते बघा. महागड्या गाड्याही तिथेच उघड्या पडतात, कारण वळणावर गाडी कलू नये म्हणून घातलेला कडकपणा एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतो. वडिलांना मान सावरून धरावी लागली, तर त्यांना दोन तासांत थकवा येणार. नंतर द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ताशी 100 ला हळू आवाजात बोलून बघा. टायरमधल्या हवेचा, साधारण 200 हर्ट्झच्या (सेकंदाला 200 कंपनं) आसपासचा घुमणारा स्वर असतो. तो एकदा ऐकू आला की सतत ऐकू येत राहतो. मायबाखमध्ये रस्त्याची घरघर स्पीकरमधून उलट ध्वनिलहरी सोडून मारण्याची सोयही आलेली आहे. हीसुद्धा तुमच्या गाडीत आहे का, ते विचारा.

सोयीसुविधांची यादी मी मुद्दाम शेवटी ठेवली. पोटऱ्यांचा मसाज, गरम होणारी मानेची उशी, वडील वयस्क असतील तर फार उपयोगाचं असं आपोआप बंद होणारं दार, या गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत. फ्रिज आणि चांदीचे पेले नसले तरी चालेल. टॅबलेट आणि पडदे पाच वर्षांत जुने वाटतील, बॉडीचा भक्कमपणा आणि काचांची जाडी मात्र पंधरा वर्षं तशीच राहील.

एक गोष्ट मात्र वडिलांना तुम्हीच सांगा. सीट मागे कलवून झोपलं तरी पट्टा हवाच. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. कललेल्या सीटवर धडक बसली की शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं. ते रोखायला मर्सिडीझने मागच्या आरामसीटच्या गादीत एअरबॅग दिली आहे, पण पट्टा लावलेलाच नसेल तर तिचा उपयोग शून्य.

आणि टेस्ट ड्राइव्हला तुमचा रोजचा ड्रायव्हर घेऊन जा. गाडीत ‘मायबाख’ नावाचा मोड आहे, त्यात ती दुसऱ्या गिअरमध्ये निघते आणि मागच्याला झटका न बसेल अशा बेताने गिअर बदलते. तो मोड लावून त्याला दहा-बारा वेळा थांबायला आणि निघायला सांगा. थांबताना शेवटच्या हातभर अंतरात ब्रेकवरचा पाय त्याने किंचित सैल केला नाही, तर कोट्यवधींच्या गाडीतही वडिलांची मान पुढे जाणार. हे त्याला जमत नसेल, तर गाडी येण्याआधी त्याच्याकडून तेवढा सराव करून घ्या.